उज्जामाय आणि तिच्या दोन बहिणी

वर्धा जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की आमच्या कोल्हापुरातली माणसं लगेच विचारतात, आश्रम पाहिला का? नाही पाहिला. पाहणार होते, त्यासाठी पिशवीत एक खादीची साडीसुद्धा घातली होती. ती घडी न मोडता परत आली. मी जे पाहिलं ते सांगायला लागले की ऐकणारा आधी हसतो, मग गप्प होतो आणि शेवटी मलाच म्हणतो, "तुम्ही कशाला असल्या भानगडीत पडलात?" म्हणून एकदा सगळं सलग लिहून टाकते. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांना निदान मुलूख तरी कळेल.

माझं बालपण पुलगावचं. वडील तिथल्या कापडगिरणीत नोकरीला होते. शाळेत माझ्या शेजारी जुबेदा बसायची, तिचे वडीलही त्याच गिरणीत. पुढं माझं लग्न होऊन मी कोल्हापूरला आले, हायस्कुलात इतिहास शिकवायला लागले, आणि ती आंजीच्या पलीकडच्या एका खेड्यात नांदायला गेली. गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या पिराच्या दर्ग्याची मुजावरकी आहे. दर्गा झाडायचा, दिवा लावायचा, येईल त्याच्या नावानं फातिहा द्यायचा, हे त्यांचं काम. कितीतरी वर्षं नुसत्या पत्रांवर आमची मैत्री चालली होती. इराणात शहाला हाकलून दोन-तीन वर्षं झाली असतील, त्या दिवाळीनंतर नागपूरला नणंदेच्या घरी लग्न निघालं आणि मी ठरवलं की आता जुबेदाला भेटल्याशिवाय परत जायचं नाही.

कारंजा (घाडगे)

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्यानं एस.टी. कारंज्यापर्यंत नीट आली आणि तिथं बसलीच. क्लचप्लेट गेली म्हणे. ड्रायव्हर बिडी ओढत गाडीखाली शिरला आणि आम्ही सगळे ढाब्यावर. ट्रकांच्या रांगा, संत्र्यांच्या पेट्या, बाजेवर पाय पसरून जेवणारे पंजाबी ड्रायव्हर. मी आपली डाळ-रोटी मागवली. तिखटाच्या बाबतीत आम्ही कोल्हापूरकर फार टेंभा मिरवतो, पण त्या डाळीतल्या मिरचीनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. ढाबेवाला म्हणाला, "बाई, हे त साधी आहे." मी गुपचूप संत्रं सोलायला घेतलं.

तिथंच सलीम भेटला. जुबेदाचा मोठा मुलगा. तिनंच त्याला मला आणायला पाठवलं होतं. उंच, देखणा, दाढी नवीनच वाढवलेली, हातात टू-इन-वन टेपरेकॉर्डरसाठी घेतलेले सेल. कुवेतला बांधकामावर होता, कंपनी बंद पडली म्हणून परत आलेला. माझी पिशवी त्यानं माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. "खाला, तुमी चाला. वजन माह्याकडे."

दुसऱ्या गाडीनं आर्वीकडे निघालो. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, मग त्यानं एकदम विचारलं, "खाला, तुमी इतिहास शिकवता ना? लात, मनात, उज्जा माहीत आहे काय तुमाले?"

आपल्या कानाला ही नावं भलतीच लागतात, पण ती खरीच नावं आहेत. इस्लामच्या आधी अरबस्तानात या तीन देवींची पूजा होत असे. कुणाचं ठाणं डोंगरात, कुणाचं समुद्राच्या वाटेवर. पुढं त्यांची देवळं मोडली गेली आणि नावं तेवढी पोथ्यांत राहिली. मी त्याला हेच सांगितलं. म्हटलं, हजाराहून जास्त वर्षं झाली रे बाबा, संपला तो विषय.

"नाई संपला," तो म्हणाला. "त्या मेल्या नाईत. लात वॉशिंग्टनात बसेल आहे, उज्जा मॉस्कोत. त्यायच्यापुढे सारे बादशहा डोकं टेकून राह्यले."

"आणि मनात?"

"ते पळून आली. समुद्रातून. हिंदुस्थानात."

आता ही गोष्टही जुनीच. कुण्या सुलतानाच्या दरबारातल्या माणसानं धन्याला खूश करायला रचलेली. मी ते सांगितलं. सलीमनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॅसेटमध्ये आहे, खाला." त्यावर पुढं बोलायचंच नाही, अशा सुरात.

मला त्याचा राग आला होता, लपवत नाही. पण आर्वी यायच्या आधी त्यानं कुवेतचं सांगितलं आणि राग उतरला. कॅम्पात बारा देशांची माणसं. याचा बाप काय करतो हे कळल्यावर त्याला नावच पडलं, कबरीवरचा फकीर. जेवायला बसताना लोक हसायचे. एक मौलवी तेवढा यायचा, त्यानं याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि सांगितलं की तुझ्या बापाची चूक आहे, तुझी नाही. परत निघताना त्यानंच त्या कॅसेटा दिल्या. परक्या मुलखात ज्यानं आपल्याला शेजारी बसवलं त्याचं खोटं असेल, हे त्या वयाच्या मुलाला कुणी कसं पटवायचं? मला तरी जमलं नाही.

आंजीच्या पुढे

आंजीला गाडीवरून उतरलो तेव्हा काशीबाईची बैलगाडी उभी होती. काशीबाई म्हणजे जुबेदाच्या शेजारच्या कुणबिणींतली सगळ्यांत मोठी, घरची शेती, तोंडाची फटकळ आणि कुणाच्याही मदतीला पहिली धावणारी. मला बघून सलीमला म्हणाली, "हेच काय तुह्या मायची पुलगावची मैतरीण? मले वाटलं जाडी असन." गाडीत सरकी भरून नेलेली पोती होती, त्यांवर मला बसवलं.

काय तो मुलूख होता. काळी जमीन, तिच्यावर फुटलेला पांढरा कापूस, मधूनमधून तुरीच्या पिवळ्या फुलांच्या ओळी. आमच्याकडं उसानं सगळं हिरवं आणि बंद होऊन जातं. इथं नजर लांबपर्यंत मोकळी जाते. मी गाडीत बसून नुसती बघत होते आणि काशीबाई बैलांशी व माझ्याशी एकाच आवाजात बोलत होती.

जुबेदा दारातच होती. केस पांढरे, दात तसेच पुढे. मला मिठी मारून म्हणाली, "माले, किती म्हातारी झाली वं तू." मग दोघी रडलो. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, भरीत. कासमभाई, म्हणजे तिचा नवरा, बारीक अंगाचा, बोलण्यात संथ. मला 'मालतीबाई' म्हणताना दर वेळी थोडा वाकायचा.

दर्गा गावाच्या शिवेवर, एका मोठ्या निंबाच्या, म्हणजे कडुलिंबाच्या, अलीकडे. चुन्यानं रंगवलेली लहानशी खोली आणि आत हिरव्या चादरीखाली कबर. तिथली एक रीत मला फार आवडली. कापसाची पहिली वेचणी करताना बायका शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, त्याला ते सीतादही म्हणतात. त्या पहिल्या वेचणीतला मूठभर कापूस प्रत्येक घरातून जुबेदाकडे येतो. ती वाती वळते आणि वर्षभर पिराचा दिवा त्या वातींवर जळतो. तेलही गावचंच, ज्याचं जसं निघेल तसं. आणि कुणाच्या लेकराची छाती भरली, कुणाची कंबर धरली, की बाई वाटी घेऊन जुबेदाच्या दारात येते. जुबेदा कधी कुणाला 'कशाला हवं' म्हणून विचारत नाही. कासमभाईकडे आजारी पोरं घेऊन लोक येत. तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटे, डोक्यावर फुंकर घाली, मनगटाला दोरा बांधी. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण आईच्या खांद्यावर कण्हणारं पोर त्याचा हात लागल्यावर गप्प होताना मी पाहिलं आहे, तेही लिहिलं पाहिजे.

त्या आठवड्यात गावात गोवर निघाला होता. काशीबाईचा धाकटा नातू तापानं फणफणला होता. मी म्हणाले, दवाखान्यात न्या. नेलं होतंच. गोळ्याही होत्या आणि दोराही होता.

शुक्रवारी नमाजानंतर सलीमनं रोजच्यासारखी चहाच्या टपरीवरच्या भोंग्याला आपली कॅसेट जोडली. वक्त्याचा आवाज मोठा जबरदस्त, कसलेल्या माणसाचा. काफिर बादशहा, त्यांच्या तेलाच्या विहिरी, त्यांच्या फौजा, आणि मग तीच तीन नावं. आजचे पुतळे दगडाचे नाहीत, तो म्हणत होता, ते खुर्चीवर बसतात, त्यांना मंत्री आहेत, विमानं आहेत. मूर्ती फोडणाऱ्या इब्राहिमाची कुऱ्हाड उचला. एक-एक नाव घेऊन तो शिव्याशाप देत होता. मला एकच वाटत होतं, की बाबा, तू अमेरिका फोड म्हणतोस, पण ऐकणाऱ्याला इथं अमेरिका सापडणार कुठं? तो हाताशी असेल तेच फोडणार.

पारावर सरकी निवडत बसलेल्या बायकाही ऐकत होत्या. उर्दू सगळी कळत नसली तरी तिकडं हिंदी घरोघर समजते. काशीबाईनं मला हात लावून विचारलं, "बाई, हा मानूस कोनावर एवढा चिडून राह्यला?"

"तीन देवींवर," मी म्हणाले.

"कोनत्या देवी?"

मी नावं सांगितली. आपल्या नव्हेत, लांबच्या आहेत, फार जुन्या, देवळं मोडली त्यांची, हेही सांगितलं.

"मंग पुन्हा कोठी बसवलं त्यायले?"

"कुठंच नाही."

काशीबाई सरकी निवडायची थांबली. "म्हंजे तवापासून बिनठिकान्याच्याच फिरून राह्यल्या?"

"अहो, त्या नाहीतच आता. तो अमेरिकेला बोलतोय."

"अमेरिकेले बोलते, त मंग बायायचं नाव काऊन घेते?"

काशीबाईनं मग सावकाश हिशेब मांडला. एक जण पळून आपल्याकडे आली, असं तो भोंग्यातला माणूसच म्हणतो. दोघी बहिणी तिच्या मागं येणारच. तिघी उपाशी, बिनघराच्या, वरून हा रोज त्यांना शिव्या घालतो. गावात गोवर कधीपासून आहे? भोंगा लागला तेव्हापासूनच ना? बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. तिकडं देवी रागावली की तिला कुणी हाकलत नाही. तिला शिवेवर जागा देतात, दहीभात घालतात, हिरवा चुडा भरतात आणि म्हणतात, माय, इथं सुखानं राहा, लेकरांकडे येऊ नको. त्या बायकांनी तेच करायचं ठरवलं. दुसरं काही करायचं त्यांच्या डोक्यात आलंही नसतं.

निंबाखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाखाली तीन गोल दगड, शेंदूर लावलेले, पुढं बांगड्या आणि दहीभाताचे मुटके. थोरलीचा मान उज्जामायला. लात म्हटलं की पोरी तोंडात पदर घालून हसत होत्या आणि मनात हे कुणाला नावच वाटत नव्हतं, म्हणून. मी कपाळाला हात लावला. जुबेदाला नेऊन दाखवलं तर ती हसून हसून खालीच बसली. "माले, अरबस्तानातून निघाली अन् आमच्या नाल्याकाठी येऊन बसली वं." त्या सगळ्या प्रवासात आम्ही दोघी पोटभर हसलो ते तेवढंच.

दुपारी काशीबाई वाटी घेऊन आली. "जुबेदाबाई, पिराचं तेल दे वं थोडं." जुबेदानं नेहमीसारखं न विचारता ओतलं. दिवस मावळताना बायकांनी निंबाखाली पणती लावली. सलीम शेताकडून येत होता. त्यानं पाहिलं, विचारलं, हे काय आहे? बायकांनी भोळेपणानं सांगितलं, तिन्ही नावांसकट. तो पांढरा पडला. आणि काशीबाईला वाटलं, आपण पिराला विसरलो असं समजून पोरगं घाबरलं, म्हणून तिनं त्याला धीर दिला. "घाबरू नोको. तेल पिराचंच आहे. तुह्या मायनंच देल्लं."

सलीम घरी आला आणि उंबऱ्यात बसला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अम्मी, तू लात-मनातले दिवा लावला."

"म्या तेल देल्लं, सलीम. तिचा नातू आजारी आहे."

"अब्बा कबरीजवळ, अम्मी मनातजवळ. मी आता कोठी जाऊ?"

कासमभाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवायला पाहिलं. त्यानं अंग चोरून घेतलं. जुबेदा त्याला समजावत राहिली की मला नाव माहीत होतं, पण मी हसण्यावारी नेलं, बायकांचं ते खेळणं आहे. त्यावर तो इतका रडला की मला तिथं बसवेना. लहानपणी सगळ्या गावाच्या अंगणात वाढलेलं ते पोर, आणि आता त्याला त्या गावात पाय ठेवायला जागा दिसत नव्हती.

पहाटे त्यानं घणानं तिन्ही दगड फोडले आणि तुकडे नाल्यात टाकले. लपून नाही. उजाडल्यावर टपरीवर जाऊन स्वतःच सांगितलं.

तरीही मिटलं असतं. हे मी शपथेवर सांगते. काशीबाई रडली, दोन-चार जण तावातावानं बोलले, पण चावडीवर पाटलांनी म्हाताऱ्यांना बसवलं आणि ठरलं की सलीमनं एक नारळ आणून ठेवावा, बायकांनी नवे दगड मांडायचे तर गावाच्या दुसऱ्या अंगाला मांडावेत, आणि भोंगा बंद. कासमभाई म्हणाला, नारळ मी आणतो. काशीबाई म्हणाली, "नारळ राहू द्या, त्या पोट्ट्याले जेवाले घाला, कालपासून उपाशी आहे." मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात जीप आली. तालुक्याहून, कपाळाला टिळे लावलेली पोरं, हातात झेंडे. कुणी बातमी पोचवली देव जाणे. देवीची विटंबना, देवीची विटंबना. गावातली तरणी पोरं त्यांच्यामागं जमायला वेळ लागला नाही. घोषणा सुरू झाल्या. आता देवीचा जयजयकार करायचा तर नाव पाहिजे. कुणीतरी बायकांना विचारलं, आणि मग त्या पोरांनी बेंबीच्या देठापासून उज्जामायचा जयजयकार केला. माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या म्होरक्यासमोर जाऊन उभी राहिले. पोरगेलाच होता, माझ्या वर्गात शोभला असता. म्हटलं, "अरे, ती कोण आहे, कुठली आहे, ठाऊक तरी आहे का तुला?"

"कोणतीबी असो मावशी," तो म्हणाला, "देवी आहे ना? अन् फोडली कोणी, ते महत्त्वाचं."

हे ऐकलं आणि मला कॅसेटवरचा तो जबरदस्त आवाज आठवला. त्या बिचाऱ्या तिघी ना त्याला हव्या होत्या, ना याला. दोघांनाही नाव घेऊन कुणाच्या तरी अंगावर धावायचं होतं.

फौजदार आला. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक तर सलीमवर केस, आणि बाहेरचा जमाव आवरण्याची हमी तो देत नाही. नाही तर ज्या घरानं दगड फोडले त्या घरानं सगळ्यांदेखत ते परत मांडावेत. सलीम म्हणाला, मला न्या. जुबेदा मधे उभी राहिली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती कासमभाईकडे बघत होती, आणि कासमभाई जमावाकडे.

शेवटी तो उठला. नाल्यात उतरून त्यानं दगड वेचले. फुटलेले होते, म्हणून चिखल लावून कसेबसे जोडून ठेवले. कुणीतरी शेंदराची पुडी पुढं केली. त्यानं बोटानं शेंदूर लावला, एकेका दगडाला, हळू, जसा तो पोरांच्या मनगटाला दोरा बांधायचा तसा. पोरं ओरडली, जय म्हण. तो काही म्हणाला नाही, पण त्याचे ओठ हलले, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. सलीम सगळं बघत होता. त्याला दोघा शिपायांनी धरून ठेवलं होतं.

नंतरच्या दिवसांत काय-काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लिहिताना मला त्रास होतो. गावातल्या त्यांच्या बिरादरीच्या घरांनी सांगितलं की शेंदूर लावलेल्या हातानं पिराची चादर शिवायची नाही. जीपवाल्यांनी सांगितलं की दर्ग्याची जागाही आधी देवीचीच असणार, चौकशी होईपर्यंत कुलूप. एरवी एका शब्दावर न येणारी ही दोन्हीकडची माणसं कासमभाईला काढायच्या बाबतीत मात्र एक झाली. त्यानं किल्ली पोलीस पाटलाच्या हातात दिली. निंबाखाली सिमेंटचा ओटा बांधायला सुरुवात झाली. त्यावर बसायला बायका मात्र येईनात. दगडांभोवती आता पोरं पत्ते खेळत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रोखून बघत.

काशीबाईच्या नातवाचा गोवर उतरला. ती रीतीप्रमाणे पिराला मलिदा घेऊन आली. दर्ग्याला कुलूप, म्हणून घरी आली. कासमभाईनं ताटाला हात लावला नाही.

"परत ने, काशीबाई."

"काऊन? लेकरू बरं झालं ना. माह्यं काही चुकलं काय?"

ती ताट पदरानं झाकून निघून गेली. तिला खरोखरच कळलं नव्हतं. तिनं घर नसलेल्या तिघींना घर दिलं होतं, एवढंच तिला माहीत होतं, आणि त्यात तिच्या शेजारणीचं घर कसं गेलं हे तिला समजावून सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

पुलगाव

जुबेदाचा भाऊ पुलगावला गिरणीच्या चाळीत राहतो. मी निघाले त्याच दिवशी तेही निघाले. भांडी, दोन पेट्या, शेळी काशीबाईकडे. पुलगाव मला ओळखू आलं नाही. दारूगोळ्याच्या डेपोकडे जाणारे लष्करी ट्रक, नवी दुकानं, पण गिरणीचा भोंगा तोच. मी लहानपणी त्या भोंग्यावर शाळेला निघायची. जुबेदाला म्हटलं, आठवतं का? ती हो म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं.

सलीम आमच्या आधीच मुंबईला गेला होता. परत कुवेत, नाही तर जिथं मिळेल तिथं. जाताना बापाशी बोलला नाही. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर नळावर जाऊन प्यायला. जुबेदानं हे मला चाळीच्या जिन्यात सांगितलं, अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं.

मला सोडायला दोघं स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले की दिवस बदलतील, लोक विसरतात. कासमभाई म्हणाला, "हो, मालतीबाई," आणि माझ्या खोटेपणाला त्यानं तेवढी इज्जत दिली.

तेवढ्यात एक बाई पूल उतरून धावत आली. खांद्यावर पोर, डोळे खोल गेलेलं, खोकून खोकून दमलेलं. त्यांच्या गावच्या पलीकडच्या वस्तीवरची होती. दर्ग्याला कुलूप पाहून तिनं विचारत विचारत इथवर एस.टी. धरली होती.

"कासमबाबा, बरं झालं सापडले. पाहा ना याले. गोवर गेला पन खोकला काही जात नाई."

कासमभाईचा हात आपोआप उठला. पोराच्या डोक्याजवळ गेला आणि तिथं थांबला. त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग हात मागं घेऊन दोन्ही हात कुडत्याच्या खिशात घातले.

"दवाखान्यात ने बाई याले," तो म्हणाला. "मले काही येत नाई."

"असं काऊन म्हणता बाबा? मागं याच्या बहिणीले तुमीच बरं केलतं."

"तो मी नव्हतो."

वीस वर्षं मी वर्गात पोरांना हेच सांगत आले आहे, की दोरेधागे सोडा, दवाखान्यात जा. ते बरोबर आहे आणि उद्याही मी तेच सांगणार. पण त्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं आणि मला वाटलं, याचे हात धरून खिशातून ओढून काढावेत आणि त्या पोराच्या डोक्यावर ठेवावेत. मी जागची हलले नाही. जुबेदानं त्या बाईला दवाखाना कुठं आहे ते सांगितलं, आणि ती पोराला थोपटत परत पुलाकडे गेली.